पुढच्या खेपेस बसवणे

रेडिओचा सेट दुरुस्त करून नेताना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारायचं, आणि तोही अगदी दारात पोचल्यावर, सेट दोन्ही हातांत धरून, निघता निघता. "अहो, याला ती पट्टी लावू का? विजेचा झटका झेलणारी?"

दुकानातला माणूस मान वर करून चष्म्यावरून बघायचा. "तुम्हाला हात आहेत ना?"

"आहेत की."

"मग प्लग काढायचा. पट्टी विकत आणावी लागते, हात घरचेच असतात."

चाळीस वर्षं त्याने हेच उत्तर दिलं. त्या पट्टीवर त्याचा रागच होता म्हणा ना. पट्टीवरचा लाल दिवा पेटला की लोकांना वाटतं आपलं काम झालं. त्याचं म्हणणं, दिवा फक्त एवढंच सांगतो की दिवा पेटलाय. आतली झटका झेलणारी वस्तू एखाद्या दिवशी कामी येते, मरून जाते, आणि दिवा आपला वर्षानुवर्षं हसत बसतो. हे सगळं खरं होतं. म्हणजे अर्धंच खरं होतं, पण ते त्याला फार उशिरा कळलं, आणि कसं कळलं त्याचीच ही गोष्ट.

त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे त्याला कानसेन म्हणत. सेट दुकानात आला की बाकीचे कारागीर आधी स्क्रू ड्रायव्हर घेतात, हा आधी कान लावायचा. खोक्याच्या डाव्या बाजूला, मग उजव्या, मग पाठीला. डॉक्टर पेशंटला "श्वास घ्या" म्हणतो तसा गिऱ्हाइकाला "आवाज वाढवा" म्हणायचा. घरघर असली तर अमुक, चरचर असली तर तमुक, आणि काहीच नसलं तर मात्र तो खूश व्हायचा, कारण मग शोधण्यात मजा होती. डोळे मिटून ऐकताना त्याचं तोंड थोडं उघडं राहायचं. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "याचे दात काढून घेतले तरी याला पत्ता लागायचा नाही."

दुकान म्हणजे घड्याळवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामधली एक फट. एक टेबल, टेबलावर जळक्या ठिपक्यांनी भरलेलं रबर, सोल्डरच्या धुराचा आणि राळेचा वास, आणि डोक्यावर एका होल्डरमध्ये लटकलेला साधा पिवळा बल्ब. हा बल्ब उजेडासाठी नव्हता. उघडलेल्या सेटला पहिली वीज तो या बल्बमधून द्यायचा. सेटमध्ये काही गडबड असेल तर बल्ब भगभगतो, सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब जेमतेम लाल होऊन गप्प बसतो. गिऱ्हाइकाला हा खेळ दाखवायला त्याला आवडायचं. इतकी काळजी घेणारा माणूस पट्टीला का नाक मुरडतो, हे कुणी विचारलं नाही, कारण तेवढी कुणाची छाती नव्हती.

त्याची आणखी एक रीत होती. काम झालं की झाकण बंद करण्याआधी तो आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायचा. तारीख, काय बिघडलं होतं, काय बदललं, आणि शेवटची ओळ ठरलेली: दोष. ही ओळ तीन प्रकारची असायची. "दोष: लाइनचा", म्हणजे विजेने घात केला. "दोष: मालकाचा", म्हणजे कुणी सेटवर चहा सांडला किंवा आवाज शेवटपर्यंत पिळून लग्नाला आलेल्यांचे कान फोडले. आणि "दोष: वयाचा", म्हणजे आतले भाग म्हातारे होऊन सुकले, कुणाचंच काही चुकलं नाही. ही चिठ्ठी मालकाला कधी दिसायची नाही. पुढे कधी सेट उघडला, तर उघडणाऱ्या कारागिराला आधीच्याने काय केलं ते कळावं, एवढ्यासाठी ती. आणि चाळीस वर्षांत त्याचे सेट दुसऱ्या कारागिराकडे फारसे गेलेच नाहीत, त्यामुळे त्या चिठ्ठ्या त्याच्याच त्याला लिहिलेल्या पत्रांसारख्या झाल्या होत्या.

त्याची बायको त्याला चिडवायची. "तीनच दोष? चौथं नाव नेहमी गाळता तुम्ही."

"चौथ्याची अजून वेळ आली नाही," तो म्हणायचा, आणि तेही खरंच होतं. भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात एक पुठ्ठा लावला होता: "इथून गेलेला सेट त्याच दोषासाठी परत आला, तर काम फुकट." पुठ्ठा पिवळा पडला, त्याच्या कडा वळल्या, पण फुकट काम करायची पाळी कधी आली नाही. माणूस बाकी कशाचा गर्व करण्यासारखा नव्हता. ना उंच, ना देखणा, ना बोलण्यात गोड. पुठ्ठ्याचा गर्व मात्र त्याला होता आणि तो लपवतही नव्हता.

कान त्यांच्या घराण्यातच होते. त्याची मोठी बहीण, ताई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. शेकडो नंबर तिला पाठ होते. त्यातले निम्मे मालक आता हयात नव्हते, पण नंबर तिच्या डोक्यात जिवंत होते. नुसत्या "हॅलो" वरून कोण बोलतंय, घाईत आहे की रडून आलंय, हे ती सांगायची. निवृत्त झाल्यावर पाचेक वर्षांत तिची नजर गेली. पूर्ण अंधार नाही. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, अक्षरं मात्र गेली ती गेलीच. नवरा त्याआधीच गेला होता. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला बाराव्या मजल्यावर राहायचा. ताई तिच्या जुन्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि ते तिला हवं होतं. दारापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं, ओट्यापासून पलंगापर्यंत सहा. डाव्या हाताच्या फळीवर आधी मीठ, मग साखर, मग चहा. या हिशेबाने ती त्या घरात डोळसासारखी वावरायची. दुसऱ्या कुठल्याही घरात ती आंधळी होती. हे तिला पक्कं माहीत होतं.

तिची नजर गेली तेव्हा कानसेनने तिला एक सेट बनवून दिला. दुरुस्त केलेला नाही, बनवलेला. आयुष्यात त्याने एवढा एकच बनवला. लाकडी खोकं, आत अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ, दोन बाजूंना दोन स्पीकर. आवाजाची खुंटी गोल, स्टेशनची सहा कोनांची, आणि जाड-बारीक आवाजाच्या खुंटीवर कानशीने पाडलेली एक खाच, म्हणजे ताईच्या बोटांना न विचारता कळावं. वर त्याने फिरकी घेतली होती, "ताई, जगात असा सेट दुसरा नाही, कारण असली कटकट दुसरं कुणी करणार नाही." रेडिओवर रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवत. ताईचा दिवस त्या अर्ध्या तासाभोवती बेतलेला असायचा. जेवण त्याआधी, भांडी त्यानंतर, आणि त्या वेळात दारावर कुणी आलं तर ते कुणीही असो, जिन्यात उभं राहायचं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली आणि परत आली ती धक्का देऊनच आली. सेट बंद पडला. ताईने भावाला फोन केला; पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचं वाचन तासाभरावर आलं होतं. कानसेन दुकान घड्याळवाल्याच्या भरवशावर टाकून पिशवी घेऊन धावला. झाकण काढलं आणि हसलाच. आत विजेच्या वाटेवर त्याने एक निळी चकती बसवली होती, नाण्याएवढी, दोन तारांच्या पायांवर उभी. पट्टीत असते तीच वस्तू. पट्टी न वापरणाऱ्या या गृहस्थाने बहिणीच्या सेटमध्ये मात्र ती बसवली होती, आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चकती वर्षानुवर्षं काही म्हणता काही करत नाही. वीज भडकली की मात्र सगळा मार स्वतःवर घेते, फुटते, तिच्यामागोमाग फ्यूज उडतो आणि आतला सेट सहीसलामत राहतो. तसंच झालं होतं. चकती मधोमध चिरली होती, फ्यूज गेला होता, बाकी सगळं ठणठणीत.

पिशवीत फ्यूज होता. चकती नव्हती.

चकतीचं एक वैशिष्ट्य असं की ती काढून टाकली तरी सेट अगदी पहिल्यासारखा वाजतो. सगळेच कारागीर हे करतात. फुटलेली चकती कापायची, फ्यूज बदलायचा, सेट चालू, गिऱ्हाईक खूश. कानसेन असं करणाऱ्यांना शिव्या घालायचा. त्या दिवशी घड्याळात वाचनाला दहा मिनिटं होती आणि ताई खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. त्याने कटरने चकतीचे दोन पाय कापले, नवा फ्यूज घातला, चिठ्ठी लिहून चिकटवली आणि म्हणाला, "मार चकतीने झेलला. नवी पुढच्या खेपेस बसवतो गं." मग दोघांनी मिळून शेवटचं प्रकरण ऐकलं.

पुढच्या खेपेस तो आला तेव्हा चकती आणायची राहिली. त्याच्या पुढच्या खेपेस आणली होती, पण सेट मस्त वाजत होता, त्याने बाहेरून कान लावला, बरं वाटलं, चहा पिऊन गेला. शिवाय त्याचा एक नियम होता: चालू सेट उघडायचा नाही. मग ती गोष्ट डोक्यातून उतरली ती उतरलीच. तीन वर्षांत तो त्या खोक्याला पन्नासेक वेळा तरी कान लावून गेला असेल. पण जे नाही ते वाजत नाही, आणि कानसेनचा सगळा भरवसा वाजणाऱ्या गोष्टींवर.

दरम्यान ताईच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एकदा दूध गॅसवर विसरलं आणि पातेलं काळं ठिक्कर पडलं. काही महिन्यांनी पाणी गेलं होतं तेव्हा नळ उघडा राहिला, ताई शेजारी जाऊन बसली, पाणी आलं आणि खालच्या बाईंच्या छतातून गळायला लागलं. मुलगा धावत आला. तो काही वाईट माणूस नव्हता. आईच्या काळजीने तो अर्धा झाला होता आणि काळजी करणारी माणसं आवाज चढवतात.

"आई, पुरे झालं. तू आता आमच्याकडे चल. आज नळ आहे, उद्या गॅस राहील."

ताई शांतपणे म्हणाली, "आमच्या एक्स्चेंजमध्ये नियम होता. तीनदा घंटी द्यायची. तिसऱ्यांदाही उचललं नाही तर लाइन सोडायची. माझ्या दोन झाल्या. तिसरी चूक झाली की तू काही बोलू नकोस, मी स्वतः बॅग भरीन."

कानसेन तेव्हा तिथेच बसला होता. भाच्याने त्याच्याकडे पाहिलं. "मामा, तू साक्षीदार."

"हो," मामा म्हणाला. त्याला वाटलं होतं, ताई तिसरी चूक होऊच देणार नाही. ताईलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर वर्षभर ती गॅस बंद केल्यावर तीनदा खुंटी चाचपायची.

मग एका दुपारी गल्लीत खांबावर कामगार चढले. खालून एकाने नेहमीप्रमाणे आरोळी दिली, "लाइनवर काम आहे, बटणं बंद ठेवा!" थोड्या वेळाने खांबावरची एक तार सुटली आणि घराघरांत वीज भडकली. दिवे पांढरेफेक झाले, पंखे सुटल्यासारखे फिरले. खालच्या बाईंनी ओरडून मेन स्विच पाडायला लावला. त्यांचा टीव्ही वाचला, कारण तो पट्टीवर होता. वर ताईच्या सेटने एकदा मोठा हुंकार दिला आणि त्यातून धूर निघाला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, सेट गेला. बटणं बंद ठेवा म्हणून सांगून गेले होते, तरी आईने चालूच ठेवला. मी विचारलं तर म्हणते, विसरले."

"ताई म्हणाली विसरले?"

"स्वतःच्या तोंडाने. बॅग भरायला घेतलीय. मी उद्या न्यायला येतोय." मग थोडं थांबून, "खालच्या बाईंकडे पट्टी होती, मामा."

"हात..." कानसेनच्या तोंडून सवयीने निघालं आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन पोचला तेव्हा दार उघडंच होतं. आतल्या खोलीत भाचा कपड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होता आणि ताई पलंगावर बसून एकेक वस्तू हातात घेऊन, चाचपून, त्याला देत होती. गजराचं घड्याळ, कंगवा, शाल.

"आलास?" ती पावलांवरूनच म्हणाली. "बघ रे काय झालंय. झाला दुरुस्त तर तिकडे नेऊ, नाहीतर राहू दे."

बाहेरच्या खोलीत त्याने सेट टेबलावर उलटा केला, सहा स्क्रू काढले आणि झाकण उचललं. जळक्या वार्निशचा वास आला. ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. त्याची नजर सवयीने विजेच्या वाटेवर गेली, फ्यूजपाशी, आणि फ्यूजच्या पलीकडे. तिथे तारेचे दोन आखूड पाय उभे होते, वरून तिरके कापलेले. त्यांच्यामध्ये काही नव्हतं.

कटर तिरका धरायची त्याचीच सवय. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. तरी त्याने झाकण उलटं करून चिठ्ठी वाचली. अक्षर त्याचं. "लाइनचा झटका. फ्यूज बदलला. चकती फुटली, काढली. पुढच्या खेपेस बसवणे. दोष: लाइनचा." तारीख तीन वर्षांपूर्वीची.

तो खुर्चीत बसला. चकती असती तर काल फक्त चकती फुटली असती, फ्यूज उडाला असता, आणि तो आज पाच मिनिटांत सेट चालू करून चहा पीत बसला असता. तिसरी चूक झालीच नसती. बॅग कपाटावरच राहिली असती.

मग त्याच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं. त्याने अंगठ्याच्या नखाने चिठ्ठीचा एक कोपरा उचलला. जुना डिंक, सहज सुटत होता. हे खोकं त्याच्याशिवाय कुणी उघडलं नव्हतं आणि उघडणारही नव्हतं. दोन पाय आणखी खालून कापले की झालं. शिवाय, त्याने स्वतःला समजावलं, ताईचं तिकडे वाईट काय आहे? लिफ्ट आहे, सून आहे, नातवंडं आहेत, वेळेवर औषध आहे. स्वतःची चूक झाकायची असली की माणसाला दुसऱ्याचं भलं भलतंच स्पष्ट दिसायला लागतं. कानसेनला ते इतकं स्पष्ट दिसलं की कोपऱ्याबरोबर अर्धी ओळ सुटून आली.

आतून ताईचा आवाज आला. "काय रे, गप्प का? दोष कुणाचा लिहितोस?"

त्याचं नख चिठ्ठीखालीच होतं.

"वयाचा लिही," ती म्हणाली. "तो कुणाला लागत नाही."

कानसेनने नख काढलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ही लाज पुठ्ठ्याची नव्हती. त्याने चिठ्ठी तळहाताने पुन्हा दाबून बसवली आणि भाच्याला हाक मारली.

"इकडे ये. आणि हे मोठ्याने वाच. ताईला ऐकू जाईल असं."

भाचा आला, हातात टॉवेल तसाच. त्याने झाकण खिडकीकडे धरून चिठ्ठी वाचली. शेवटच्या ओळीशी थांबला. "म्हणजे काय, मामा?"

मामाने सांगितलं. दोन कापलेले पाय दाखवले, चकती काय करते ते सांगितलं, ती कुणी कापली आणि कुणी बसवली नाही ते सांगितलं. सांगताना त्याने एकही सबब पुढे केली नाही; घाई होती, वाचनाची वेळ झाली होती, हेही नाही.

भाचा हिशेबी माणूस. तो जरा विचार करून म्हणाला, "ते ठीक आहे मामा. पण सेट बंद ठेवायचं आई विसरली, ते तर विसरलीच ना? ती चूक तिचीच."

"अरे, मग चकती असते कुणासाठी?" कानसेनचा आवाज चढला. एरवी तो गिऱ्हाइकांवरही असा ओरडत नसे. "जो कधी विसरत नाही त्याला कशाला हवी चकती, कशाला हवी पट्टी? चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, हात आहेत ना, प्लग काढा. जसं काही माणूस म्हणजे घड्याळ. माणूस विसरणारच. तो विसरला तरी घर जळू नये म्हणून तर ती वस्तू. दूध, नळ, ते तुम्ही दोघं बघा. ही तिसरी ताईची नाही. ही माझी आहे."

आतल्या खोलीतून पावलं आली. सहा. ताई दारात येऊन उभी राहिली, हात चौकटीवर.

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

भाच्याने झाकण मामाच्या हातात दिलं.

"आरोळी ऐकली होती मी. उठलेही होते. मग म्हटलं, वाचनाला पाचच मिनिटं आहेत, आणि याच्या सेटला काय होतंय? मागे झेललं होतं त्या चकतीने, आताही झेलेल."

"पण ती बसवलीच नव्हती, आई."

"ते मला काय माहीत? मला वाटलं, बसवली असेल कधीतरी, मी चहा करत असताना." ताईने भावाच्या दिशेने तोंड वळवलं. "मंगळवार होता. तू कटर काढलास, कट कट असा दोनदा आवाज झाला, आणि तू म्हणालास, पुढच्या खेपेस बसवतो गं. काल धूर निघाला तेव्हा कळलं, राहिलीच ती."

कानसेनने झाकण टेबलावर ठेवलं. तीन वर्षांपूर्वीचा वार त्यालाही आठवत नव्हता.

भाचा म्हणाला, "मग काल मला 'विसरले' का म्हणालीस? बॅग का भरायला घेतलीस?"

ताईने सेटपाशी येऊन खाच पाडलेली खुंटी बोटांनी शोधली.

"माझ्या दोन झाल्याच होत्या," ती म्हणाली. "याची पहिलीच झाली असती."

कानसेनने पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली. लिहायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला, कारण कागद नीट दिसत नव्हता.

"काय लिहिलंस?" ताईने विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर नवा. चकत्या दोन." त्याने चिठ्ठी झाकणाला चिकटवली. "दोष: माझा."

"तारीख घातलीस?"

"घातली."

भाचा अजून टॉवेल हातात घेऊन उभा होता. मग तो आतल्या खोलीत गेला. बॅगेतल्या वस्तू सरकवल्याचा आवाज झाला. त्याने गजराचं घड्याळ बाहेर काढून पलंगाजवळच्या फळीवर ठेवलं, आणि ते ठेवल्याचा आवाज ऐकून ताई बाहेरूनच म्हणाली, "दोन बोटं डावीकडे."